वाळूच्या कणांतील कारभारी



गेल्या आषाढातली गोष्ट. आमच्या गावच्या दूध संकलन केंद्रावरचा विजेचा काटा एका सकाळी एकाएकी मुका झाला. सहा वाजलेले, बाहेर बारीक पाऊस, किटल्या घेऊन माणसे रांगेला उभी, आणि काट्याच्या पाटीवर एकही आकडा उमटेना. सचिवांनी माळ्यावरची जुनी लिटरची मापे खाली काढली आणि मापाने दूध घ्यावयास सुरुवात केली. मग काय सांगावे! कोणाचे माप फेसासकट भरले, कोणाचे फेस बसल्यावर भरले; दहा मिनिटांत शब्दाला शब्द लागला. रोज ज्या काट्याकडे कोणी मान वर करून पाहत नव्हते, त्याची त्या दिवशी सगळ्या गावाला आठवण झाली.

दुपारी सचिव तो काटा घेऊन तालुक्याला निघाले. मीही त्याच एस.टी.ने कॉलेजला जात होतो. ज्या दुकानात पूर्वी आमचे रेडिओ दुरुस्त होत, त्याच दुकानात आता पंपाचे स्टार्टर आणि असले काटे दुरुस्त होतात. कारागिराने चार स्क्रू काढून झाकण उघडले. आत एक पाल विजेच्या तारांना चिकटून मरून पडली होती आणि तेवढा भाग जळून काळा झाला होता. "पॉवरचा भाग गेलाय, तो बदलता येईल," तो म्हणाला, आणि मग दोन्ही बाजूंना वीस-वीस पाय असलेल्या, गोमेसारख्या दिसणाऱ्या एका काळ्या तुकड्यावर बोट ठेवून म्हणाला, "सर, ह्यो वाचला म्हंजी काटा वाचला. सगळी अक्कल ह्याच्यात हाय."

त्याने भिंग दिले. मी वाचले : एटी ८९ सी ५१.

मी इतिहासाचा अध्यापक. विजेच्या विद्येत माझी गती बेताचीच. परंतु ताम्रपट, शिलालेख आणि झिजलेली नाणी वाचण्यात आमचे आयुष्य जाते. चार अक्षरे दिसली की ती कोणी कोरली, केव्हा कोरली, कोणाच्या हुकमाने कोरली, हे विचारल्यावाचून आम्हांस चैन पडत नाही. या अक्षरांमागेही एक इतिहास आहे, आणि तो एखाद्या राजघराण्याच्या इतिहासाइतकाच उलथापालथीचा आहे, हे थोडी चौकशी केल्यावर ध्यानात आले. तोच आज आपल्यापुढे मांडणार आहे.

आधी ही वस्तू काय, ते पाहू. तिचे नाव मायक्रोकंट्रोलर. पुस्तकी मराठीत सूक्ष्मनियंत्रक म्हणतात; पण दुकानात 'आयसी' म्हणून मागितला तरच तो मिळेल! संगणकात असतो तो मायक्रोप्रोसेसर. तो एखाद्या मोठ्या हायस्कुलाच्या मुख्याध्यापकासारखा असतो. विचार करण्यात हुशार, परंतु दप्तर वेगळ्या खोलीत, ग्रंथालय वेगळे, कारकून वेगळा, घंटा देणारा शिपाई वेगळा. यांपैकी कोणी नसेल तर साहेबांचे काही चालत नाही. मायक्रोकंट्रोलर म्हणजे आपली एकशिक्षकी शाळा. तोच शिकवणार, तोच हजेरी घेणार, तोच घंटा वाजवणार आणि दाराशी कोण आले तेही तोच पाहणार. हिशेब करणारा भाग, सूचना साठवण्याची जागा, तात्पुरते आकडे ठेवण्याची जागा, घड्याळ आणि बाहेरच्या जगाशी बोलण्याच्या तारा, हे सारे त्या एका तुकड्यात असते. काट्यावर किटली ठेवली की खालचा धातूचा तुकडा केसाएवढा वाकतो, त्यातून जाणारी वीज यत्किंचित बदलते, त्या बदलाचा आकडा होतो, आणि त्या आकड्याचे किलो-ग्रॅम करून तो पाटीवर उमटवण्याचे काम हा गोमेसारखा तुकडा करतो. दुसरे काही त्याला येत नाही, आणि यावे अशी कोणाची अपेक्षाही नाही.

पेशवाईत गादीवर छत्रपती आणि कारभार दुसऱ्याचा, तसेच हे आहे. मोटारीला नाव कंपनीचे, पंपाला नाव कंपनीचे, विजेच्या मीटरवर शिक्का वीज मंडळींचा. आत कारभार पाहतो तो हा. हल्लीच्या एका मोटारीत असे कित्येक डझन कारभारी बसलेले असतात.

आता इतिहास. १९६९ साली जपानची बिझिकॉम नावाची गणकयंत्रे करणारी कंपनी अमेरिकेतील इंटेल कंपनीकडे गेली. इंटेल त्या वेळी अवघी एक वर्षाची होती. बिझिकॉमला आपल्या यंत्रासाठी निरनिराळ्या कामांच्या निरनिराळ्या चिपा करून हव्या होत्या. इंटेलमधील टेड हॉफ यांचे म्हणणे पडले की इतक्या जातींच्या चिपा करण्यापेक्षा कोणतीही सूचना पाळील अशी एक सामान्य चिप करावी आणि सूचना तेवढ्या बदलाव्यात. फेडेरिको फॅजिन, स्टॅन मेझर आणि जपानहून आलेले मासातोशी शिमा यांच्या हातून ती चिप घडली. नोव्हेंबर १९७१ मध्ये ती '४००४' या नावाने बाजारात आली. तिच्यात सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते. गमतीचा भाग असा की या चिपेवर पहिला हक्क बिझिकॉमचा होता. इंटेलने त्यांचे ६० हजार डॉलर परत केले आणि ती इतरांना विकण्याचा हक्क मिळवला. साठ हजारांत काय सुटून गेले, याचा हिशेब बिझिकॉमने पुढे कधी केला असेल तर तो करताना हात थरथरला असेल.

पण ४००४ म्हणजे मुख्याध्यापक होता; एकशिक्षकी शाळा नव्हे. सारे एका तुकड्यात बसवण्याचे श्रेय जाते टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या दुसऱ्या अमेरिकन कंपनीतील गॅरी बून आणि मायकेल कोक्रन यांच्याकडे. ही कंपनी मुळात तेल शोधणाऱ्यांची. १९३० साली जमिनीत हादरे देऊन त्यांच्या प्रतिध्वनीवरून तेलाचा ठाव घेणारी मंडळी म्हणून तिचा जन्म झाला. १९५४ साली जो पहिला खिशातला ट्रान्झिस्टर रेडिओ बाजारात आला, त्यातले ट्रान्झिस्टर हिचेच. तेव्हा आपणा रेडिओवाल्यांचे तिच्याशी जुने नाते आहे. १९७१ मध्ये बून आणि कोक्रन यांच्या खटपटीतून एका चिपेवरचे गणकयंत्र तयार झाले आणि १९७४ साली 'टीएमएस १०००' हा मायक्रोकंट्रोलर सर्वांना विकत मिळू लागला. त्याच्या पोटात सूचनांसाठी १,०२४ घरे, आणि चालू हिशेबाला ६४ चिमुकल्या जागा. एवढ्या भांडवलावर त्याने गणकयंत्रे चालवली, खेळणी बोलकी केली. १९७८ चे 'स्पीक अँड स्पेल' नावाचे, मुलांना शब्दांची स्पेलिंगे विचारणारे खेळणे त्याच घराण्याच्या चिपेवर चालत असे.

आता आपल्या ताम्रपटावरील '५१' कडे येऊ. इंटेलने १९७६ साली '८०४८' आणि १९८० साली '८०५१' हे मायक्रोकंट्रोलर काढले. ८०५१ मध्ये सूचनांसाठी ४,०९६ घरे आणि हिशेबासाठी १२८. देवनागरीतील एक अक्षर संगणकात ठेवावयास तीन घरे लागतात; म्हणजे या चिपेत मराठीचे एखादे पानच कसेबसे मावेल. माझे हे भाषण तर मावायचेच नाही. तरी एवढ्या जागेत काटा चालतो, मीटर चालतो, पंप चालतो. कारण यंत्राला बोलावयाचे थोडे असते आणि तेच ते असते.

इंटेलने आणखी एक गोष्ट केली. ८०५१ चा आराखडा तिने इतर कंपन्यांनाही परवान्याने करू दिला. फिलिप्स, सीमेन्स, ए.एम.डी. अशा अनेकांनी तो केला. मग ग्राहकाला धास्ती राहिली नाही : एकाने माल थांबवला तर दुसरा आहे. आमच्या महाराष्ट्रातील पॉलिटेक्निकांत आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांत पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी ८०५१ वरच शिकले, अजूनही पुष्कळ ठिकाणी शिकतात. ज्या पोराने कॉलेजात ८०५१ घोकला, तो नोकरीला लागल्यावर कारखान्यात ८०५१ च वापरणार, हे उघडच आहे. चिपेचे आयुष्य असे तिच्या शाळेवर अवलंबून असते.

आणि इंटेलचे काय झाले? १९८१ साली आय.बी.एम.च्या वैयक्तिक संगणकात इंटेलचा प्रोसेसर बसला आणि कंपनीचे दिवस पालटले. हजारो रुपयांच्या प्रोसेसरपुढे दहा-वीस रुपयांच्या कारभाऱ्याला कोण विचारतो? २००६ साली तिने आपला ८०५१ बंद करत असल्याचे जाहीर केले आणि पुढच्या वर्षी त्याची शेवटची खेप पाठवली. ज्याने घराणे स्थापले त्याने गादी सोडली; पण घराणे चालूच राहिले. मला वाटते, या धंद्याचे मर्म येथेच आहे. पहिला शोध कोणी लावला, यावरून येथे पुढारीपण ठरले नाही. स्वस्त मालाचा आणि लहान गिऱ्हाइकाचा ज्याला कंटाळा आला नाही, त्याच्याकडे ते गेले.

याचा दाखला म्हणजे 'मायक्रोचिप' ही कंपनी. जनरल इन्स्ट्रुमेंट या कंपनीने १९७० नंतरच्या दशकात 'पिक' नावाची एक साधी चिप केली होती. ती मोठ्या प्रोसेसरच्या हाताखाली काम करणारी, म्हणजे पट्टेवाल्याच्या दर्जाची. मोठा प्रोसेसर काळाच्या ओघात नाहीसा झाला, पट्टेवाला टिकला! १९८७ साली जनरल इन्स्ट्रुमेंटने हा चिपांचा धंदा वेगळा काढला आणि १९८९ मध्ये तो विकून टाकला. कंपनी तोट्यात होती. १९९० मध्ये तेथे स्टीव्ह संघी नावाचे गृहस्थ आले आणि पुढच्या वर्षी प्रमुख झाले. हे मूळचे पंजाबकडचे, चंदीगडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले, आणि आधी इंटेलमध्ये काम केलेले.

त्या वेळी मायक्रोकंट्रोलरच्या धंद्यात एक मोठी अडचण होती. चिपेतील सूचना कारखान्यातच, चिप घडतानाच कोराव्या लागत. हा शिलालेख म्हणा. एक अक्षर चुकले की सगळी शिळा वाया. आणि शिळा एक-दोन मिळत नसत. हजारोंनी घ्याव्या लागत. लहान कारखानदाराने काय करावे? दुसरी सोय म्हणजे चिप कोरी घ्यायची आणि आपल्या हाताने एकदाच लिहायची. हा शाईने कागदावर लिहिण्याचा प्रकार. आपल्या मतदान यंत्रातही एकदाच लिहिता येणारी चिप मुद्दाम घातलेली असते, कारण तेथे खोडता न येणे हाच गुण आहे. तिसरी जात काचेच्या खिडकीची : खिडकीतून अतिनील किरण पाडले की जुने लिखाण पुसते. पण ती महाग.

मायक्रोचिपने लहान गिऱ्हाइकाकडे पाहिले. हवी तेवढी घ्या, तुमच्या टेबलावर लिहा, असे तिने सांगितले. आणि १९९३ मध्ये विजेनेच पुसून पुन्हा लिहिता येईल अशी पिक बाजारात आणली. ही झाली पाटी-पेन्सिल. चुकले, पुसले, पुन्हा लिहिले. पाटीवर शिकणारा विद्यार्थी निर्धास्त असतो, हे येथील शिक्षक बंधूंना मी काय सांगावे? जगभरच्या हौशी मंडळींनी आणि छोट्या कारखान्यांनी ती उचलली, आणि ज्या धंद्यात मोटोरोलासारखे बडे सरदार होते, त्यातल्या आठ बिटांच्या साध्या चिपांत ही कंपनी २००२ च्या सुमारास पहिल्या नंबरावर आली.

आपल्या ताम्रपटावरील '८९' म्हणजे हीच पाटी. विजेने पुसता येणारी, 'फ्लॅश' नावाची. आणि 'एटी' म्हणजे ॲटमेल. इंटेलमध्ये काम केलेल्या जॉर्ज पर्लेगॉस यांनी १९८४ साली ही कंपनी काढली. ॲटमेलने इंटेलच्या ८०५१ ला ही पाटी जोडली, आणि भारतातल्या छोट्या उद्योगांत ही चिप घरोघर झाली. पुढे नॉर्वेतील ट्रॉन्हाइम येथील आल्फ-एगिल बोगेन आणि वेगार्ड वोलान या दोन विद्यार्थ्यांनी नव्या धर्तीचा एक आराखडा केला होता, तोही ॲटमेलने 'ए.व्ही.आर.' या नावाने बाजारात आणला. २००५ साली इटलीतील इव्रेआ गावी निघालेल्या 'आर्दुइनो' या पाटीवर हीच ए.व्ही.आर. चिप बसली. आज आपल्या शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत दर दुसऱ्या टेबलावर, ओल्या मातीत दोन तारा खुपसून पंप चालू करणारे जे यंत्र मांडलेले असते, त्याच्या मुळाशी पुष्कळदा हीच असते.

२०१६ साली मायक्रोचिपने ॲटमेल विकत घेतली. सुमारे साडेतीन अब्ज डॉलरला. म्हणजे पहा : आमच्या काट्यातल्या त्या तुकड्याचा आराखडा इंटेलचा, घडवणारी ॲटमेल, आणि आज वारसदार मायक्रोचिप, जी स्वतः जनरल इन्स्ट्रुमेंटची टाकून दिलेली शाखा!

दुसऱ्या घराण्यांविषयी थोडक्यात सांगतो. मोटोरोलाचे नावच मुळी मोटारीतल्या रेडिओवरून पडले. १९३० साली शिकागोच्या पॉल गॅल्विन यांनी तो विकावयास काढला. १९७० साली अमेरिकेत मोटारींच्या धुरावर कडक कायदा झाला. धूर कमी करावयाचा तर इंजिनात तेल किती आणि ठिणगी केव्हा, याचा क्षणोक्षणी हिशेब ठेवावा लागतो. हे काम चिपेशिवाय होईना. मोटोरोलाने ते पकडले. आपल्याकडे हेच २०२० च्या एप्रिलमध्ये घडले. भारत स्टेज सहाचे नियम आले, मोटरसायकलींतले कार्ब्युरेटर गेले, आणि पिनेने जेट साफ करून गाडी चालू करणारा आमच्या नाक्यावरचा मिस्त्री हातात स्कॅनर घेऊन उभा राहिला. मोटोरोलाने २००४ साली चिपांचा धंदा 'फ्रीस्केल' या नावाने वेगळा केला आणि २०१५ मध्ये तो 'एन.एक्स.पी.'ने घेतला. ही एन.एक्स.पी. म्हणजे २००६ साली वेगळी झालेली फिलिप्सची शाखा. ज्या फिलिप्सचा रेडिओ आपल्यापैकी कित्येकांच्या आजोबांच्या फडताळावर असे. जर्मनीतील इन्फिनिऑन ही १९९९ साली सीमेन्समधून फुटलेली, आणि सीमेन्स म्हणजे १८७० साली लंडन ते कलकत्ता तारायंत्राची ओळ जोडणारे घराणे. २०२० मध्ये तिने अमेरिकेची सायप्रस कंपनी घेतली, आणि २०२४ च्या हिशेबात ती जगात पहिली आली. इटली आणि फ्रान्स या दोन देशांतील कंपन्या १९८७ साली एक होऊन एस.टी. झाली. तिने २००७ मध्ये वेगळाच डाव टाकला : स्वतःचा आराखडा न करता इंग्लंडमधील केंब्रिजच्या 'आर्म' कंपनीचा आराखडा भाड्याने घेतला. आर्म तेव्हा चिपा करीत नसे, नकाशे तेवढे विकत असे. पुढे बहुतेक साऱ्यांनाच ही वाट धरावी लागली. त्यामुळे सूचनांची भाषा पुष्कळशी एक झाली आणि झगडा उरला तो किमतीचा आणि पुरवठ्याचा.

आता जपान. येथे मला जरा थांबावयाचे आहे.

हिताची आणि मित्सुबिशी यांचे चिपांचे कारखाने २००३ साली एक झाले आणि २०१० मध्ये त्यांत एन.ई.सी.चा धंदा मिसळला. त्या एकत्र कुटुंबाचे नाव रेनेसास. मोटारींतल्या मायक्रोकंट्रोलरपैकी सुमारे चार-दशांश एकटी ही कंपनी पुरवीत असे. तिचा एक मोठा कारखाना टोकियोच्या ईशान्येस, हिताचिनाका गावी आहे. त्याला नाका कारखाना म्हणतात. ११ मार्च २०११ रोजी जपानात महाभूकंप झाला आणि त्सुनामी आली. समुद्राचे पाणी नाका कारखान्यात शिरले नाही, पण जमिनीच्या हादऱ्याने आतली यंत्रे जागची हलली, नळ फुटले, वीज गेली. चिपेच्या कारखान्यात धुळीचा एक कण चालत नाही. तेथे भिंतींना तडे गेले म्हणजे काय, याची कल्पना करा. वाळूपासून काढलेल्या सिलिकॉनच्या चकतीवर चिप उमटून बाहेर पडावयास तीन-चार महिने लागतात. जे महिने वाया गेले ते गेले. रात्रपाळी लावून ते भरून येत नाहीत.

आणि मग मोटारी करणाऱ्या बड्याबड्या कंपन्यांना शोध लागला की शेकडो पुरवठादार निरनिराळे असले, तरी त्या सगळ्यांची वाट शेवटी एकाच दारापाशी येते! ब्रेकचा पुरवठादार वेगळा, इंजिनाचा वेगळा; पण दोघांच्याही पेटीतली चिप नाक्याची. हजारो डॉलरची मोटार चार-दोन डॉलरच्या तुकड्यासाठी अडून बसली. तेव्हा मोटार कंपन्यांनी आपली माणसे तेथे पाठवली. स्वतःच्या पुरवठादाराचे कारखाने झाडण्यापासून नळ जोडण्यापर्यंत हवे ते काम करावयास एका वेळी दिवसाला अडीच हजारांपर्यंत माणसे तेथे राबली. जुलैत सुरू होईल असा अंदाज होता तो कारखाना १ जूनला सुरू झाला. विहीर ढासळली की सगळी वाडी फावडी घेऊन जाते, तसेच हे झाले. फरक इतकाच की येथे एकमेकांचे हाडवैरी असलेले कारखानदार एका विहिरीच्या काठावर उभे होते.

पुढल्याच्या पुढल्या वर्षी सरकारी निधी आणि टोयोटा, निस्सान इत्यादी गिऱ्हाइकांनी मिळून रेनेसासमध्ये पैसा घातला व ती वाचवली. शहाणपण आले म्हणावे, तर १९ मार्च २०२१ ला त्याच नाका कारखान्यात आग लागली आणि पुन्हा जग अडले. या वेळी महिन्याच्या आत, १७ एप्रिलला, काम सुरू झाले खरे. पण वेळ फार वाईट होती.

कारण करोनाचा काळ. २०२० च्या वसंतात मोटारींचा खप बसला, तशा कंपन्यांनी चिपांच्या मागण्या रद्द केल्या. त्याच वेळी घरी बसलेल्या जगाला संगणक आणि फोन हवे होते. कारखान्यांनी ती कामे घेतली. सहा महिन्यांनी मोटारवाले परत आले तेव्हा त्यांची पाळी गेली होती. ऊस तोडणीच्या पाळीचा अनुभव ज्यांना आहे, त्यांस जास्त सांगावयास नको. शिवाय या बड्या कंपन्यांपैकी पुष्कळजणींनी नव्या चिपा घडवण्याचे काम तैवानच्या टी.एस.एम.सी.कडे सोपवले होते. मोटारींच्या मायक्रोकंट्रोलरपैकी सुमारे सात-दशांश तेथे घडतात, असा एका पाहणीचा अंदाज होता. (ही कंपनी १९८७ साली स्थापणारे मॉरिस चँग हे पंचवीस वर्षे टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये होते. या धंद्यात सगळे एकमेकांचे सोयरे!) फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासात हिमवादळाने वीज गेली, तेव्हा तेथील एन.एक्स.पी. आणि इन्फिनिऑनचे कारखानेही बंद पडले. नवे कारखाने का काढले नाहीत, असे कोणी विचारील. तर अशा स्वस्त, जुन्या धर्तीच्या चिपांत नफा थोडा; अब्जावधी डॉलर घालावयाचे ते लोक महागड्या चिपांत घालतात.

याची झळ थेट आपल्या दारी आली. सप्टेंबर २०२१ मध्ये नाशिक आणि चाकणला कारखाने असलेल्या महिंद्र कंपनीने सात दिवस उत्पादन बंद ठेवण्याचे जाहीर केले. मारुतीने त्या महिन्यात नेहमीच्या चाळीस टक्केच गाड्या निघतील असे सांगितले. नोंदवलेल्या गाडीसाठी माणसे महिनोन्‌महिने थांबली.

आपल्या देशाचे काय, हा प्रश्न माझे विद्यार्थी विचारतात. उत्तर थोडे दुःखाचे आहे. मोहालीला सरकारी सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स होते. १९८४ साली तेथे चिपा निघू लागल्या. फेब्रुवारी १९८९ मध्ये त्याला आग लागली आणि कारखाना भस्म झाला. नाक्याला अडीच हजार माणसे धावली, कारण त्या कारखान्यावाचून त्यांचे अडत होते. मोहालीवाचून त्या वेळी कोणाचेच अडत नव्हते; माल बाहेरून येत होता. तो पुन्हा उभा राहण्यात वर्षे गेली, आणि त्या वर्षांत जग कोठल्या कोठे गेले. आता गुजरातेत साणंद येथे रेनेसास आणि मुंबईची सी.जी. पॉवर, म्हणजे पूर्वीची क्रॉम्प्टन ग्रीव्ह्ज, मिळून एक कारखाना उभारीत आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये तेथील पहिली चाचणीची ओळ सुरू झाली. तेथे चिपा कापून, पाय जोडून, तपासून डबीत भरावयाच्या आहेत. गहू दुसऱ्याच्या शेतातला, पीठ दुसऱ्याच्या गिरणीतले, पोळ्या लाटणे आपले, असे मी वर्गात म्हटले तर एक विद्यार्थिनी चटकन म्हणाली, "सर, आधी पोळ्या लाटायला तरी येऊ देत!" तिचेही खरेच आहे. चीनने तरी काय केले? बीजिंगच्या गिगाडिव्हाइस कंपनीने आर्मचा आराखडा घेऊन २०१३ पासून मायक्रोकंट्रोलर काढले, आणि २०२२ साली तर दुसऱ्या एका चिनी कंपनीने दहा सेंटांच्या आत मिळणारी चिप आणली. आपल्या हिशेबाने तेव्हाचे आठ रुपये. स्टँडवरचा चहा त्याहून महाग.

असो. आमच्या काट्याचे सांगावयाचे राहिले. कारागिराने जळलेला भाग बदलला, पाटीवर आकडे उमटले. त्याने एक किलोचे वजन ठेवून पाहिले, मग माझी डब्याची पिशवी ठेवून पाहिली आणि खात्री झाल्यावर झाकण लावले. सचिवांनी विचारले, "आणि ती आयसीच गेली असती तर?" त्याने टेबलाचा खण ओढून तंबाखूची एक जुनी डबी काढली. आत कापसावर सहा-सात काळ्या गोमा ओळीने ठेवलेल्या होत्या; भंगारात आलेल्या काट्यांतून आणि स्टार्टरांतून त्याने सोडवून ठेवलेल्या. दोन-तीनांवरची अक्षरे पुसली होती. "एकवीस साली बाजारात मिळंनात," तो म्हणाला, "तवापासून टाकत न्हाई."